घरमालकाच्या भूमिकेत

टोरांटो हे शहर टीव्हीवर रोज दिसतं, पण स्वतःच्या नावानं क्वचितच. रस्त्यांवरच्या पाट्या बदलायच्या, टपालपेटी दुसऱ्या रंगाची आणून ठेवायची, गाड्यांना खोट्या नंबरप्लेट लावायच्या, की झालं अमेरिकेतलं कुठलंही शहर. या बनवाबनवीत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. मी लोकेशन मॅनेजर होते.

म्हणजे नेमकं काय, हे वसईतल्या माझ्या भावाला अजून समजलेलं नाही. तो लोकांना सांगतो, "आमची फिलू तिकडं शूटिंगला घरं भाड्यानं देते." खरं तर उलटं. घरं लोकांची, मागणारी मी. लेखक आपला लिहून मोकळा होतो : 'जुनं घर, समोर मेपल, स्वयंपाकघरात सकाळचं ऊन.' ते घर मी शोधायचं. बेल वाजवायची, आणि दार उघडणाऱ्या अनोळखी बाईला पटवायचं की तुमच्या हॉलमध्ये पन्नास माणसं बूट घालून आठवडाभर वावरतील, पण काळजी करू नका. मग पालिकेची परवानगी, ट्रक उभे करायला एखाद्या चर्चचं पार्किंग, सगळ्या शेजाऱ्यांच्या दारात आगाऊ सूचना. काम संपल्यावर कुंडी जिथं होती तिथंच परत. या सगळ्यात शेजारी सांभाळणं सर्वांत कठीण. एक गृहस्थ आमचा कॅमेरा सुरू झाला की नेमकं लॉनमोअर सुरू करायचे. त्यांच्या कुत्र्याला एका दृश्यात फुटपाथवरून चालवलं, तेव्हा ते थांबले. कुत्र्यानं काम बरं केलं.

माझं नाव फिलोमिना. युनिटमध्ये सगळे फिल म्हणत. फोनवर लोकांना वाटायचं कुणी पुरुष आहे. मग दारात जाड कोटातली ही बुटकी सावळी बाई उभी राहिली की काचेआडून आधी एक नजर यायची : ही काय विकायला आली? त्या नजरेला हसून उत्तर द्यायला मी फार लवकर शिकले. त्याशिवाय हा धंदा करताच आला नसता.

पण मला सांगायचंय ते कर्टिसबद्दल.

आमची मराठी वर्तमानपत्रं 'कृष्णवर्णीय' लिहितात. इथं ते स्वतःला ब्लॅक म्हणवतात, म्हणून मीही तेच लिहिते. कर्टिस ब्लॅक नट. पूर्व किनाऱ्यावरच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला. त्याचे पूर्वज कॅनडा हा देश झाला त्याच्याही आधीपासून तिथं राहणारे. तरी मी माझ्या कानांनी कितीदा ऐकलंय, "तू मूळचा कुठला?" तो म्हणायचा, "हॅलिफॅक्सच्या बाजूचा." मग समोरचा म्हणायचा, "नाही, तसं नाही, खरं कुठला?" मी कालपरवा आलेली, आणि मला हा प्रश्न विचारताना लोक जितके सहज असत तितकेच त्यालाही.

आमची ओळख नॉर्थ यॉर्कमधल्या दुकानांच्या मागच्या गल्लीत झाली. पोलिसांची मालिका होती. कर्टिसनं पळत यायचं, दोन पोलिसांनी त्याला जमिनीवर पाडायचं, पाठीवर गुडघा ठेवून बेड्या घालायच्या. पावसाचं यंत्र लावलेलं. दिग्दर्शकाला पाणी हवं तसं चमकत नव्हतं म्हणून ते पुन्हापुन्हा चाललेलं. मधे सुट्टी झाली तेव्हा बेड्या काढायचं सगळे विसरले. तो भिंतीला टेकून हात मागे बांधलेला उभा. मी माझ्या कॉफीचा कप त्याच्या तोंडाला लावला. दोन घोट घेऊन तो म्हणाला, "थँक्स. हात सुटले की नीट ओळख करून देईन. सध्या माझं नाव 'संशयित' आहे."

नाटकाचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस. आवाज असा की नुसता 'गुड मॉर्निंग' म्हणाला तरी ऐकत राहावं. पोटासाठी शाळेत बदली शिक्षक म्हणून जायचा, संगीत शिकवायचा. आणि टीव्हीवर? पळायचा, पडायचा, मरायचा. एकदा मोठ्या आनंदात आला, "फिल, आज मला बोलायचंय!" एकच वाक्य होतं. त्यानं ते म्हटलं. दिग्दर्शक म्हणाला, "छान. पण जरा 'स्ट्रीट' कर, गल्लीतल्या टपोरी पोरासारखं."

"कुठली स्ट्रीट?" कर्टिसनं विचारलं.

आम्ही दोघीतिघी हसलो. दिग्दर्शक हसला नाही. जेवणानंतर ते वाक्य दुसऱ्या मुलाला दिलं. संध्याकाळी कर्टिस पार्किंगमध्ये बराच वेळ गाडी सुरू न करता बसला होता. मी काच वाजवली तर म्हणाला, "मला ते करता येत नाही असं नाही. मला ते फार चांगलं करता येतं, हाच वांधा आहे."

माझ्याकडं तेव्हा ठिकाणांच्या फोटोंचा मोठा साठा होता. पटकथेत ब्लॅक माणसं आली की कुठले फोटो बाहेर काढायचे हे मला न सांगता कळायचं : गल्ली, बेसमेंट, उंच इमारतींचे कोंदट जिने, पोलीस स्टेशन. ब्लॅक कुटुंबासाठी बरंसं घर दाखव, असं मला कुणी कधी म्हटलंच नव्हतं. ते म्हटलं पहिल्यांदा रेनीनं.

रेनी स्वतः ब्लॅक, तिशी नुकती ओलांडलेली लेखिका. तिची पहिलीच मालिका, फक्त सहा भागांची. एक दातांचा डॉक्टर, त्याची बायको, एक मुलगी. बायको चर्चच्या क्वायरमध्ये गाते, मुलगी पियानोचा रियाज टाळते, नवरा दर रविवारी हौसेनं स्वयंपाक करून सगळ्यांची तोंडं वाकडी करतो. बस्स. ना खून, ना ड्रग्ज. डॉक्टरच्या भूमिकेसाठी कर्टिसची निवड झाली. त्यानं मला फोन केला तेव्हा आधी काही बोलेचना. मला वाटलं, कुणीतरी गेलं.

चॅनेलनं या मालिकेवर ग्रेगरी नावाचा एक अधिकारी नेमला होता. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. मी घरांचे फोटो टेबलावर मांडले तसा तो म्हणाला, "सुंदर आहेत. पण प्रेक्षकांना हे घर पटेल का?"

रेनीनं शांतपणे विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे, या कुटुंबाला असं घर..."

"माझे वडील दातांचे डॉक्टर होते," रेनी म्हणाली. "त्यांना पटलं होतं. त्यांनी विकत घेतलं होतं."

ग्रेगरीनं फोटो परत माझ्याकडं सरकवले.

घराचा शोध मी घरापासूनच सुरू केला. आम्ही रिचमंड हिलला राहतो. तिथं एक मराठी गृहस्थ होते, नाडकर्णी म्हणू. घर हवं तसं होतं, मोठं स्वयंपाकघर, पूर्वेचं ऊन. फिलोमिना नावाची बाई मराठी बोलते याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली. "आमचं घर टीव्हीवर! अहो ताई, परवानगी कसली मागताय, करा की." मी मालिकेविषयी सांगायला लागले. नाडकर्णींचा चमचा बशीतच थांबला.

"कुटुंब... ते लोक आहेत का?"

"ब्लॅक कुटुंब आहे, हो."

"नाही, आमचं काही नाही हो. आमच्या ऑफिसात आहेत ना, चांगले असतात. पण काय आहे, पुढंमागं घर विकायचंय. लोक टीव्हीवर बघतात. एकदा घरावर शिक्का बसला की... तुम्ही समजून घ्या."

वहिनी खाली बघत होत्या. मी खिचडी संपवली, आभार मानले, बूट घातले. बाहेर गाडीत बसल्यावर मला कळलं की इतक्या वर्षांत काचेआडच्या त्या नजरेला मी मराठीत कधी भेटले नव्हते.

शेवटी घर मिळालं ते ओकव्हिलच्याही पुढं, तळ्याकाठच्या एका लहानशा गावात. गावाचं नाव सांगत नाही, घरमालकिणीला दिलेला शब्द आहे. ऐंशीच्या पुढची विधवा बाई. तिनं मालिकेतल्या माणसांबद्दल काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली, "पियानो वाजवणार असाल तर आधी ट्यून करून घ्या, मला ऐकवत नाही." त्या दिवशी मी परत येताना हायवेवर एकटीच मोठ्यानं गात आले.

शूटिंगचा पहिला आठवडा नीट गेला. मग ती सकाळ आली.

नोव्हेंबर. गवतावर दंव गोठलेलं. पहिलंच दृश्य दारातलं होतं : डॉक्टर सकाळी बाजार करून घरी येतो, दार उघडतो, आत हाक मारतो. रस्ता निर्मनुष्य दिसायला हवा होता, म्हणून ट्रक, गाड्या, माणसं सगळं मी दोन वळणं पलीकडं चर्चच्या आवारात ठेवलेलं. घराजवळ आमचं काहीच दिसत नव्हतं. ते तसं न दिसणं हीच माझी त्या सकाळची कामगिरी.

कर्टिस कपडे करून तयार होऊन आला. लांब लोकरी कोट, मफलर, हातात ग्रोसरीची कागदी पिशवी. म्हणाला, "फिल, त्या दाराची किल्ली अडकते. माणूस स्वतःच्या दारात असा खटपटत नाही. मी जाऊन जरा हात बसवू?"

मी किल्ली दिली. तो गेला. मी रस्त्याच्या तोंडाशी उभी राहिले. माझ्याबरोबर डेव्ह होता. इथं शूटिंगला वाहतूक सांभाळायला गणवेशातला पोलीस भाड्यानं घ्यावा लागतो, तो डेव्ह. शिवाय युनिटमधली दोन नवी माणसं. तिथून घराचा दरवाजा लांबूनच, पण स्पष्ट दिसत होता. कर्टिस किल्ली फिरवायचा, दार उघडायचं, तो पुन्हा बंद करायचा, दोन पायऱ्या उतरायचा, पुन्हा चढायचा.

दुसऱ्या बाजूनं एक पोलिसांची गाडी आली. सायरन नव्हता. मागोमाग दुसरी.

मला वाटलं डेव्हला भेटायला आले असतील. मी डेव्हकडं पाहिलं. तो त्या गाड्यांकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी पुसलं गेलं होतं.

गाड्यांची दारं उघडली. एक पोलीस दाराआडून ओरडला. शब्द कळले नाहीत, आवाज कळला. मग कळले, "हातातलं खाली टाक! हात दाखव!" दुसऱ्याचा हात कमरेपाशी होता. मग तो तिथं नव्हता, समोर होता, आणि त्यात पिस्तूल होतं.

कर्टिस आमच्याकडं पाठ करून दाराशी उभा. हातात किल्ली.

"आज हा सीन आहे?" माझ्या मागच्या एकानं विचारलं.

"रिहर्सल असेल," दुसरा म्हणाला. "काय खरं वाटतंय."

माझे पाय आपोआप निघाले. डेव्हनं माझा कोट धरला. "फिल, पळायचं नाही. कुणीच पळायचं नाही." मग त्यानं रेडिओ तोंडाशी घेतला, दोन्ही हात अंगापासून लांब ठेवून तो रस्त्याच्या मधोमध चालायला लागला, आपलं नाव आणि नंबर ओरडत, सावकाश. मी त्याच्या मागं. एवढ्याशा रस्त्याला इतका वेळ लागलेला मी कधी पाहिला नाही. मला ओरडायचं होतं, तो नट आहे, पण माझ्या घशातून आवाज निघेना. आयुष्यभर लोकांच्या दारात गोड बोलणारी मी.

कर्टिस मात्र बोलत होता. वळला नव्हता. तो सुंदर आवाज अगदी सपाट केलेला.

"माझ्या हातात किल्ली आहे. मी ती टाकतो आहे." किल्ली पायरीवर वाजली. "डाव्या हातात पिशवी आहे. ती सोडतो आहे." पिशवी पडली, संत्री घरंगळत ड्राइव्हवेवर आली. "मी नट आहे. इथं शूटिंग आहे. आता मी हात वर करतो. आता गुडघ्यावर येतो."

आणि तो आला. एक गुडघा, मग दुसरा, हात डोक्यामागं, बोटं एकमेकांत. मी हे पाहिलं होतं. गल्लीत, पावसाच्या यंत्राखाली, किती वेळा. तेच, तस्सं. फक्त इथं 'कट' म्हणणारं कुणी नव्हतं.

डेव्ह पोचला. बोलणं झालं. पिस्तूल खाली गेलं, पण कर्टिसला उठ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. तो गोठलेल्या फरशीवर तसाच. शेवटी त्यानंच विचारलं, "उठू का?"

त्यातला तरुण पोलीस, अगदी पोरसवदा, पांढराफटक पडला होता. म्हणाला, "सर, आम्हाला फोन आला होता. तुम्ही समजू शकता."

"समजू शकतो," कर्टिस म्हणाला. मी त्याचा दंड धरला. कोटाच्या जाड कापडातूनही तो थरथरताना कळत होता, आणि त्याचा चेहरा अगदी स्थिर होता.

ते गेले. माणसं जमली. ज्यांना रिहर्सल वाटली होती ती दोघं रस्त्याच्या कडेला बसून होती, त्यातला एक रडत होता. रेनी त्या घरात होती, तिनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं. ती बाहेर आली आणि खाली वाकून एकेक संत्रं उचलू लागली. कुणी मदतीला गेलं की हातानं दूर करायची.

त्या दिवसाचं काम थांबवलं. दुपारी ग्रेगरी शहरातून आला. आम्ही कर्टिसच्या ट्रेलरमध्ये बसलो. घर आणखी एक दिवस लागेल का, हे ठरायचं होतं, म्हणून मी. ग्रेगरीचे डोळे खरोखर पाणावले होते. त्यानं कर्टिसची माफी मागितली, मानसोपचाराची सोय करतो म्हणाला. मग म्हणाला, "एक विचार येतोय. चुकीचा वाटला तर सांगा. हे मालिकेत घ्यायला हवं. शेवटच्या भागात. स्वतःच्या घराच्या दारात. लोक बोलतील. मालिकेला दुसरं वर्ष मिळेल, मी लिहून देतो."

मला वाटलं रेनी त्याच्या अंगावर जाईल. ती गेली नाही. हातातल्या कपाकडं बघत म्हणाली, "मी सकाळपासून तेच लिहितेय. डोक्यात. थांबवता येत नाहीये." मग कर्टिसकडं वळली. "हे झालं, कर्टिस. माझ्या डोळ्यांसमोर झालं. हे दाखवलं नाही तर मी खोटारडी ठरते. दातांचा डॉक्टर, पियानो, रविवारचा स्वयंपाक... आणि बाहेर हे. लोकांनी बघायला नको?"

"बघितलंय लोकांनी," कर्टिस म्हणाला.

"असं नाही. तुझ्या बाजूनं नाही."

"रेनी, तो सीन मी इतक्या वेळा केलाय की आज मला काय करायचं हे आठवावंही लागलं नाही. गुडघा कुठला आधी, बोटं कशी. माझं अंगच ते करत होतं. आणि मला एकच भीती होती, की मी चांगलं करतोय म्हणून त्यांना ते खरं वाटेल."

ग्रेगरी काही म्हणणार होता. कर्टिसनं हात वर केला.

"तू लिही. तुझी मालिका आहे. लिहिलंस तर मी करेन, करारात आहे, आणि उत्तम करेन. पण मला विचारतेस म्हणून सांगतो. एवढी वर्षं मी थांबलो ते घरी येणाऱ्या माणसाचं काम करायला. पिशवी घेऊन येतो, दार उघडतो, आत जातो. त्याला आत जाऊ दे."

रेनी उठून बाहेर गेली. चर्चच्या आवाराला फेऱ्या मारत राहिली. मी खिडकीतून बघत होते. माझा चहा गार झाला तरी ती फिरतच होती. दोघंही खरं बोलत होते, आणि दोन्ही खरं एका भागात मावत नव्हतं. ती परत आली तेव्हा नाकाचा शेंडा लाल झालेला. ग्रेगरीकडं न बघता मला म्हणाली, "फिल, उद्या तेच दृश्य. जसं लिहिलंय तसं."

घर आणखी एक दिवस लागणार होतं. म्हणजे शेजारी सांभाळायला हवे होते, आणि ते काम माझं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या घराची बेल वाजवली. फोन तिथूनच गेला होता. जोन नावाची बाई, साठीची, नीटनेटकी. रात्रभर झोपली नसावी.

"मला तुमची सूचना मिळाली होती," तिनं दारातच सांगायला सुरुवात केली. "शूटिंग आहे हे ठाऊक होतं. पण ट्रक दिसले नाहीत, कॅमेरा दिसला नाही, आणि तो माणूस पुन्हापुन्हा दार उघडबंद करत होता. मला वाटलं... मी काय समजायला हवं होतं?"

मी नेहमीसारखी 'असू द्या' म्हणायला तोंड उघडलं, आणि ते शब्द आलेच नाहीत.

"मी केक केलाय," ती म्हणाली. "सगळ्यांसाठी. आणि मला त्यांना भेटायचंय. दोन मिनिटं. मला सॉरी म्हणायचंय, नाहीतर मला बरं वाटणार नाही."

मी केक घेऊन ट्रेलरपाशी गेले, निरोप सांगितला. कर्टिस मेकअपच्या खुर्चीत होता. डोळे मिटूनच त्यानं ऐकलं.

"तिला बरं वाटायला मी काय करायचं? म्हणायचं की काही हरकत नाही?"

"बहुतेक."

"फिल, आज मला एक दार उघडायचंय. तेवढंच आहे माझ्यात. तिला सांग, मी कामात आहे."

मी परत जाऊन तेच सांगितलं. "ते कामात आहेत." जोन वाट बघत राहिली, मी आणखी काही जोडेन म्हणून. आयुष्यभर मी असंच काहीतरी जोडत आले होते, हसून, समोरच्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून. या खेपेला जोडलं नाही. तिनं हळूच दार लावलं.

त्या दिवशी ट्रक मी चर्चच्या आवारातून हलवून भर रस्त्यात, घरासमोर आणून लावले. कॅमेऱ्यात दिसतील म्हणून कॅमेरामन कुरकुरला. त्याला सांगितलं, कोन बदल. कर्टिस पिशवी घेऊन आला. पहिल्या खेपेला किल्ली भोकाशी जाऊन थडथडली, तो थांबला, माफी मागून परत गेला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तो पायऱ्या चढला, किल्ली न लावता दारापुढं नुसता उभा राहिला. मग त्यानं किल्ली लावली, दार उघडलं, आत हाक मारली, आणि दार त्याच्या मागं बंद झालं. दिग्दर्शक 'कट' म्हणाल्यावरही बराच वेळ तो बाहेर आला नाही.

मालिका लागली. फार लोकांनी बघितली नाही. दुसरं वर्ष मिळालं नाही. 'फार संथ' असं कळवण्यात आलं. ग्रेगरीचं खरं होतं, ते दृश्य घातलं असतं तर कदाचित मिळालं असतं. रेनी आता दुसऱ्यांच्या मालिका लिहिते. एकदा मला म्हणाली की अजून महिन्यातून एखादवेळी वाटतं, चुकलं. कर्टिसनं वर्षभर कुठं ऑडिशन दिली नाही. मग भाडं भरायचं होतं म्हणून पुन्हा सुरू केलं. मध्यंतरी एका मालिकेत न्यायाधीश झाला, दुसरीत मेला. माझ्याकडं निवृत्त होईपर्यंत पुन्हा गल्ल्यांचीच मागणी येत राहिली. मी त्या शोधून देत राहिले.

शेवटचा भाग मी घरीच पाहिला, माझ्या नवऱ्याबरोबर, आग्नेलबरोबर. त्याला मी त्या सकाळबद्दल सगळं सांगितलेलं. शेवटच्या दृश्यात रविवारची दुपार असते. जेवण फसलेलं, आत मुलगी पियानोचा तोच तोच तुकडा चुकत वाजवतेय. डॉक्टर सोफ्यावर आडवा होतो, छातीवर वर्तमानपत्र, आणि डोळे मिटतो. कॅमेरा हलत नाही. शूटिंगच्या वेळी कर्टिस खरोखरच झोपला होता. दिग्दर्शकानं कॅमेरा चालू ठेवला होता आणि आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे होतो, कुणी पायही हलवला नव्हता. चॅनेलनं ते कापायला सांगितलं होतं. रेनीनं तेवढं कापू दिलं नव्हतं.

पडद्यावर तो झोपलेला. छाती वरखाली होतेय. मागं दार किंचित उघडं, त्यातून ऊन आलेलं.

आग्नेल खुर्चीत पुढं सरकला. रिमोट घट्ट धरलेला.

"आता काहीतरी होणार," तो म्हणाला. "दार बघ. कुणीतरी येणार आता."

"कुणी येत नाही," मी म्हटलं.

"मग दाखवतायत कशाला एवढा वेळ?"

"बघ ना."

तो बघत राहिला. मीही. कर्टिसनं झोपेत कूस बदलली, वर्तमानपत्र खाली पडलं, आणि तो झोपून राहिला.